विल्सन ए२००० डीपी१५: लहान पंजाचा, सेकंड बेसचा ग्लोव्ह

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या नियमानुसार फील्डरचा ग्लोव्ह १३ इंचांपर्यंत लांब चालतो. तरीही सेकंड बेसवर उभा राहणारा खेळाडू ११.२५ किंवा ११.५ इंचांचाच घेतो. दीड-दोन इंच जास्त पोहोच फुकट मिळत असताना ती तो सोडून देतो, कारण त्याचं काम चेंडू पकडून संपत नाही. पकडलेला चेंडू बाहेर काढून पहिल्या बेसवर फेकेपर्यंत काहीच झालेलं नसतं. विल्सनच्या ए२००० मालिकेतला डीपी१५ या एकाच कामासाठी बांधलेला आहे आणि त्याची पारखही तिथेच करायची.

नावातला डीपी म्हणजे डस्टिन पेड्रोया आणि १५ हा त्याच्या जर्सीचा आकडा. बॉस्टन रेड सॉक्सचा हा सेकंड बेसमन कागदोपत्री ५ फूट ९ इंच. अॅरिझोना स्टेट विद्यापीठात तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर, खेळायचा. रेड सॉक्सने २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या फेरीत त्याला उचललं आणि पुढे सेकंड बेसवर आणलं. २००६ मध्ये मेजर लीगमध्ये आला तेव्हा ३१ सामन्यांत बॅटिंगची सरासरी .१९१, म्हणजे घरी पाठवावा अशी. पुढच्या वर्षी .३१७ आणि सर्वोत्तम नवोदित. २००८ मध्ये २१३ हिट, त्यातले ५४ डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) आणि अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाचा खेळाडू. २००८, २०११, २०१३ आणि २०१४ असे फील्डिंगचे चार गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार, २००७ आणि २०१३ अशा दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची विजेतेपदं. ग्लोव्हच्या परीक्षणात बॅटिंगचे आकडे कशाला, असं वाटेल. पण लहान चणीचा माणूस एवढी वर्षं इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानात, टिकतो तेव्हा त्याच्या हातातल्या वस्तूचं माप त्याच्या हातावरून घेतलेलं असतं, आणि तोच या मॉडेलचा मुद्दा आहे.

कंपनी याला ‘पेड्रोया फिट’ म्हणते. बाहेरून पाहिलं तर नेहमीचा ११.५ इंची ग्लोव्ह. फरक सगळा आत आहे. मनगटाचं तोंड अरुंद, बोटांचे कप्पे लहान आणि टाचेकडची, म्हणजे मनगटाजवळची, गादी पातळ. याच लांबीचं आणि अशाच एच-आकाराच्या जाळ्याचं (एच-वेब) १७८६ हे मॉडेल शेजारी ठेवून दोन्हींत हात घालून पाहा. १७८६ मध्ये लहान पंजा डबीत काडी हलावी तसा हलतो. चेंडू बोटांच्या टोकाकडे लागला की ग्लोव्ह मनगटावर फिरतो आणि चेंडू निसटतो. डीपी१५ मध्ये बोटांची मुळं कप्प्यांच्या तोंडाशी घट्ट बसतात, त्यामुळे हात वळला की ग्लोव्ह त्याच्याबरोबर वळतो. उलट, मोठ्या पंजाच्या माणसाने हा घेऊ नये. अनामिकेचं नख कप्प्याच्या शेवटाला टेकत असेल किंवा हात बाहेर काढताना ग्लोव्ह सोलून काढावा लागत असेल, तर कातडं सैल होईल या आशेवर राहू नका. ते थोडं सैल होतं, पण एक माप मोठं होत नाही. अशांसाठी १७८६ आहेच. आणखी आखूड हवा असेल तर याच फिटमध्ये ११.२५ इंचांचा पीएफ८८ मिळतो.

कातडं विल्सनचं ‘प्रो स्टॉक’. जाड, कोरडं आणि नवीन असताना हट्टी. बोटांच्या पाठीवर कातड्याच्या दुहेरी पट्ट्या शिवलेल्या असतात. यालाच ड्युअल वेल्टिंग म्हणतात. याचा उपयोग पहिल्या महिन्यात कळत नाही, तिसऱ्या हंगामात कळतो. स्वस्त ग्लोव्हची बोटं तोवर शिळ्या भाजीच्या देठासारखी लोळायला लागलेली असतात, याची उभी असतात. मनगटाला घाम शोषणारं ड्रायलेक्सचं अस्तर आहे. दमट हवेत ते कामाला येतं, पण धुळीने लवकर मळतं आणि ओल्या फडक्याने वारंवार पुसावं लागतं.

एच-वेब म्हणजे अंगठा आणि तर्जनीमधलं जाळं दोन उभ्या पट्ट्या आणि एक आडवी अशा आकाराचं, मधे मोकळ्या जागा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बंद जाळं घेतो, कारण त्याला चेंडूवरची पकड बॅटरपासून लपवायची असते. इनफिल्डरला लपवायचं काही नसतं. त्याला जमिनीवरून चेंडू उचलताना माती गाळून जायला हवी. शिवाय उंच चेंडूखाली सूर्य आडवा आला तर मोकळ्या जागांमधून बघता येतं. आय-वेब, म्हणजे इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचं जाळं, याहून थोडं हलकं आणि मोकळं असतं. एच-वेब जरा ताठ राहतं. जोरात आलेला सरळ फटका जाळ्यात लागला तर हे जाळं कमी मागे जातं. सेकंड बेससाठी दोन्ही चालतात आणि यावर तासभर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता खरी गोष्ट, चेंडूची ग्लोव्हमधली जागा. डबल प्ले समजा, म्हणजे एकाच फटक्यावर दोघांना बाद करायचं. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसकडे टाकला आहे, पहिल्या बेसवरून सुटलेला रनर अंगावर येतो आहे आणि बॅटर २७.४३ मीटरवरच्या पहिल्या बेसकडे धावतो आहे. चांगला धावणारा ते अंतर सव्वाचार सेकंदांच्या आत कापतो. त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ चेंडू शॉर्टस्टॉपपर्यंत जाण्यात आणि तिथून येण्यात गेलेला असतो. सेकंड बेसमन दोन्ही हात छातीसमोर, अंगठे वर, एकमेकांना लागून धरतो. चेंडू तळव्याच्या पसरट भागावर आदळून उजव्या हातात घसरतो. धरला असं म्हणताच येत नाही. ग्लोव्ह इथे परातीसारखा वापरायचा असतो. खळगा खोल असेल तर चेंडू जाळ्याच्या मुळाशी जाऊन बसतो, उजव्या हाताची बोटं आत खुपसून तो शोधावा लागतो आणि तेवढ्यात बॅटर बेसवर. पिट्सबर्ग पायरेट्सचा बिल मॅझरोस्की १७०६ डबल प्लेंमध्ये सामील होता, सेकंड बेसमनसाठी हा विक्रम आहे, आणि तो ओळखला जायचा तो बारक्या, पसरट ग्लोव्हसाठी.

डीपी१५ चा खळगा उथळ आहे आणि चेंडू मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी थांबतो. टाच पातळ असल्याने तळव्याला चेंडू कुठे लागला ते लगेच कळतं. याची किंमत मोजावी लागते. थंड हवेत, जोरात आलेला चेंडू तळव्यावर चुकीच्या जागी लागला की हात झिणझिणतो. क्रिकेटवाल्यांना गंमत वाटेल, कारण बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा १५६ ते १६३, आणि पॉइंटला उभा असलेला उघड्या हातांनी झेल घेतो. पण इनफिल्डरसमोर ताशी १६० किलोमीटरच्या पुढचे फटके नेहमीचे असतात, आणि दीडशेच्या वर सामन्यांच्या हंगामात ते रोज येतात. पातळ गादी हा जाणूनबुजून केलेला सौदा आहे. थर्ड बेसवर तो परवडत नाही. तिथे चेंडू विचार करायला वेळ देत नाही, आधी अडवायचा आणि मग फेकायचा. थर्ड बेससाठी ११.७५ इंचांचा १७८७ किंवा १२ इंची घ्यावा. शॉर्टस्टॉपला डीपी१५ चालून जातो, पण डावीकडे-उजवीकडे लांब झेप घेणाऱ्याला अर्धा-पाव इंच कमी पडल्याची चुटपुट लागते.

बॅकहँडची चाचणी दुकानातच करून बघा. ग्लोव्ह डाव्या हातात असतो, त्यामुळे उजवीकडे जाणारा चेंडू शरीरासमोरून हात उलटा वळवून घ्यावा लागतो. १ सप्टेंबर २००७ ला फेनवे पार्कवर बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध पिचर क्ले बुखहोल्झ नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट न देणारा सामना, टाकत होता, त्याचा मेजर लीगमधला अवघा दुसरा सामना. सातव्या इनिंगमध्ये मिगेल तेहाडाचा फटका मधून बाहेर चालला होता. पेड्रोयाने उजवीकडे झेप घेतली, चेंडू ग्लोव्हमध्ये घेतला, उठला आणि पहिल्या बेसवर फेकला. तेहाडा डोकं पुढे करून घसरला तरी बाद झाला. अशा वेळी करंगळीची बाजू जमिनीला टेकलेली असते आणि ग्लोव्हचं तोंड पूर्ण उघडं राहायला हवं. दुकानात ग्लोव्ह घालून हात असाच उलटा करा, गुडघ्यात वाका आणि करंगळीची कड फरशीला लावा. तोंड आपोआप मिटत असेल तर ग्लोव्हचा सांधा, म्हणजे तो जिथे मिटतो ती घडी, चुकीच्या जागी आहे किंवा तो आधीच कुणीतरी चुकीचा वाकवला आहे. दुसरा मागा.

हा ग्लोव्ह डब्यातून काढून थेट सामन्यात नेता येत नाही. नवा डीपी१५ पुठ्ठ्यासारखा असतो. तो मऊ करण्याची पद्धत अशी:

आधी कोरडाच घेऊन दोन सांधे मोडायचे, एक अंगठ्याच्या मुळाशी, दुसरा करंगळीच्या मुळाशी. पंधरा-वीस मिनिटं पुढे-मागे वाकवत राहायचं. मग साधारण ६० अंश सेल्सियसचं पाणी घ्यायचं, उकळतं नाही. ते तळवा, दोन्ही सांधे आणि जाळ्यावर ओतायचं. बोटांच्या आतल्या कप्प्यांत जाऊ द्यायचं नाही. लगेच पुन्हा वाकवायचं, कातडं आता ऐकतं. मग लाकडी मोगरीने ठोकायचं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. ठोकायची जागा जाळं नाही. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी ठोकायचं, कारण सामन्यात चेंडू तिथे थांबायला हवा. जाळ्यावर ठोकलं तर खळगा तिकडे सरकतो आणि तुमचा इनफिल्डचा ग्लोव्ह आउटफिल्डचा, म्हणजे दूरच्या मैदानातला, होऊन बसतो. त्यानंतर ओला असतानाच शंभर-दीडशे चेंडू मध्यम वेगाने झेलायचे. भिंतीवर मारून आलेले चालतात, पण समोर माणूस असेल तर उत्तम. खळग्यात चेंडू ठेवून सावलीत, पंख्याखाली रात्रभर वाळवायचा. दुसऱ्या दिवशी वाटाण्याएवढं कंडिशनर फडक्यावर घेऊन बाहेरून चोळायचं. पाणी एकदाच. रोज पाणी ओतलं तर कातडं वाळताना आणखी कडक होतं.

एवढं केल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या रोजच्या सरावात तो सामन्याला लायक होतो. ए२के ही याच घराण्यातली वरची मालिका, तिला कारखान्यातच जास्त ठोकून आकार दिलेला असतो. ती थोडी लवकर तयार होते, पण त्यासाठी मोजावे लागणारे जादा पैसे हौशी खेळाडूने मोगरीवर आणि घामावर वाचवावेत.

बिघाड बहुतेक मालकच करतो. ओव्हन किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून मऊ करायची युक्ती फिरत असते. त्याने कातड्यातलं तेल उडतं, बोटांच्या आतली चिकटवण वितळते आणि मायक्रोवेव्हमध्ये धातूच्या कड्यांतून ठिणग्या उडतात. तेल भरपूर चोपडणं ही दुसरी चूक. कातड्याला लावायचं नीट्सफूट तेल दोन थेंब ठीक, पण मुरवत गेलं की ग्लोव्ह जड होतो आणि त्याची बोटं लटकतात. एकदा शिरलेलं तेल बाहेर काढता येत नाही. तिसरी चूक म्हणजे चेंडू आत ठेवून रबराने करकचून बांधणं. ग्लोव्ह करंजीसारखा मधोमध मिटतो, तळव्याच्या मधून सुरकुती पडते आणि पसरट खळगा कायमचा जातो. इनफिल्डचा ग्लोव्ह मिटायचा तो अंगठा आणि करंगळी एकमेकांकडे येऊन, पुस्तकासारखा नव्हे. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवणं ही चौथी चूक. तिथे तो एका दुपारी जितका सुकतो, तितका मैदानावर महिन्यात सुकत नाही.

लेस म्हणजे कच्च्या कातड्याच्या दोऱ्या, त्या सगळ्यात आधी जातात. नव्या ग्लोव्हच्या गाठी पहिल्या पंधरवड्यात ताणून सैल होतात, त्या ओढून पुन्हा आवळायच्या. पुढे तुटते ती जाळ्याच्या वरच्या कडेची, नंतर बोटांची टोकं बांधणारी. बदलीसाठी साधारण ५ मिलिमीटर रुंद, ७२ इंच लांबीची लेस मिळते, सोबत पुढे अणकुचीदार आणि मागे लेस पकडणारी सुई लागते. जुनी लेस काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि एकावेळी एकच लेस बदला. सगळ्या एकदम उपसल्या तर कुठली कुठून गेली होती हे कोडं सुटत नाही. आत अंगठ्याला आणि करंगळीला लेसचे फास असतात, तेही मापानुसार आवळता येतात. लहान हाताच्या माणसाने ते कारखान्यातून आले तसे ठेवू नयेत. एकेक ओढून, हात घालून बघावं.

करंगळीच्या कप्प्यात अनामिका आणि करंगळी दोन्ही घालून बाकीची बोटं एकेक कप्पा सरकवायची, असं आउटफिल्डर करतात. खळगा खोल होतो, तळव्याला चेंडू कमी लागतो. डीपी१५ च्या अरुंद कप्प्यात दोन बोटं जेमतेम मावतात, आणि मावली तरी उथळ खळग्याचा हेतूच मारला जातो. तर्जनी मात्र पाठीमागच्या भोकातून बाहेर काढावी. झिणझिण्यांवर तो सगळ्यात सोपा उपाय आहे.

ग्लोव्ह काय करू शकत नाही, हेही पेड्रोयाच्याच कारकिर्दीत दिसतं. २०१३ च्या पहिल्याच सामन्यात पहिल्या बेसवर हात पुढे करून घसरताना त्याच्या डाव्या अंगठ्याचं लिगामेंट फाटलं. डावा म्हणजे ग्लोव्हचा हात. त्या अंगठ्याने तो १६० सामने खेळला, गोल्ड ग्लोव्ह आणि वर्ल्ड सिरीज घेतली आणि शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये करून घेतली. २०१४ मध्ये डाव्या मनगटाचीही शस्त्रक्रिया झाली. हातावर एवढं झालं तरी कारकीर्द संपली गुडघ्यामुळे. २१ एप्रिल २०१७ ला बाल्टिमोरमध्ये मॅनी मचाडो घसरत सेकंड बेसवर आला आणि त्याच्या बुटांचे स्पाइक पेड्रोयाच्या डाव्या गुडघ्याजवळ लागले. गुडघ्याच्या कुर्च्याची शस्त्रक्रिया झाली, पण २०१८ मध्ये ३ आणि २०१९ मध्ये ६ सामन्यांपुढे तो खेळू शकला नाही. १ फेब्रुवारी २०२१ ला निवृत्ती, १५१२ सामने, सरासरी .२९९. डबल प्लेच्या वेळी बेसवरचा पाय केव्हा उचलायचा हे शिकण्यात घालवलेला तास, महागडा ग्लोव्ह निवडण्यात घालवलेल्या तासापेक्षा जास्त कामाचा आहे.

घ्यावा कोणी? तेरा-चौदा वर्षांपुढचा, रोज सराव करणारा सेकंड बेसमन, आणि लहान पंजाचे प्रौढ खेळाडू. अमेरिकेत लिटल लीगमध्ये मुलांना घालणारी मराठी कुटुंबं आता कमी नाहीत. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हा घेऊन देऊ नका. त्याच्या हाताला हे कातडं मिटत नाही, मग तो चेंडू पकडण्याऐवजी अडवायला लागतो आणि ती सवय पुढे सुटत नाही. त्या वयाला त्याच कंपनीचा ए५०० हलका आणि बराच स्वस्त पडतो. डीपी१५ ची किंमत तिकडे तीनशे डॉलरच्या आसपास आहे. हंगाम संपताना जुन्या रंगाचे नग स्वस्त होतात, तेव्हा घ्यावा. ग्लोव्हला रंगाने काही फरक पडत नाही.

महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांतून सॉफ्टबॉल जास्त खेळला जातो, आणि तिथल्या खेळाडूंनी या मॉडेलच्या मोहात पडू नये. सॉफ्टबॉलचा चेंडू १२ इंच परिघाचा, बेसबॉलचा सव्वानऊपर्यंत. मोठा चेंडू या उथळ खळग्यात बसत नाही, कडेवर आदळून बाहेर उडतो. त्यासाठी १२ इंच किंवा त्याहून मोठा, सॉफ्टबॉलसाठीच बांधलेला ग्लोव्ह लागतो. बेसबॉलच खेळत असाल आणि बाहेरून मागवणार असाल, तर वाहतूक आणि आयात शुल्क धरून हिशेब करा. आणि परत पाठवणं जवळपास अशक्य असतं, म्हणून मागणी नोंदवताना हाताची बाजू दोनदा वाचा. ‘राइट हँड थ्रो’ म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याचा, डाव्या हातात घालायचा ग्लोव्ह. उजव्या हातात घालायचा असं समजून मागवणारे दर वर्षी निघतात. डावखुऱ्याला तर हा लागायचाच नाही. सेकंड बेसवरून पहिल्या बेसकडे फेकायला त्याला आधी अंग पूर्ण वळवावं लागतं, म्हणून त्या जागी त्याला सहसा उभंच करत नाहीत.